ओल्या बोटांची तार

सगळ्यात आधी वास सांगते, कारण सुरुवात त्यानंच झाली.

चार दिवस दप्तरात विसरलेला डबा आठवा. त्यात खवट झालेलं तूप ओता. त्यावर एसटीत शेजारी बसलेलं कुणीतरी ओकलंय असं समजा. झालं? आता तो वास तुमच्या सख्ख्या आत्याच्या पोटाला जोडायच्या पिशवीतून येतोय असं समजा.

शी. लिहितानासुद्धा माझं नाक आक्रसलं.

मी उल्का मगदूम, नववी ब. डिसेंबरात जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला. त्याआधी मी वर्गात हात वर करायची नाही आणि त्यानंतर मी तो खाली घेत नाही, असं आमच्या नदाफ मॅडम म्हणतात. मॅडम विज्ञान शिकवतात, आणि टोमणे त्याहून चांगले मारतात.

रूपाआत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. तिच्या दोन्ही किडन्या बंद पडल्यात. अशा माणसानं आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन चार-चार तास मशीनला बांधून घ्यायचं असतं. आत्या म्हणाली, मला जमणार नाही. ती शाळेची व्हॅन चालवते, बावीस पोरं सकाळ-संध्याकाळ. म्हणून डॉक्टरांनी तिच्या पोटात एक बारीक नळी कायमची बसवली. दोन लिटर औषधी पाणी त्या नळीतून पोटात सोडायचं, ते चार-पाच तास आत राहून रक्तातली घाण ओढून घेतं, मग ते बाहेर काढायचं आणि नवं भरायचं. दिवसातून चार वेळा. दुपारची पाळी माझी. शाळा सुटली की मी सायकल टाकून आत्याकडे.

त्या मंगळवारी मी हात धुतले, मास्क लावला, नवी पिशवी खुंटीला टांगली आणि तिच्या तोंडाचं झाकण काढलं. अंगठ्याला चिकट लागलं.

"आत्या, हे बुळबुळीत लागतंय."

"तुझेच हात असतील. काय खाल्लंस वाटेत?"

"काही नाही. आत्ताच धुतलेत, साबणानं."

मी अंगठा उचलला. पिशवीच्या तोंडापासून अंगठ्यापर्यंत लाळेसारखी तार आली. तुटली नाही. वाकली, लोंबकळली, आणि मग तो वास आला.

"शी! शी शी शी!"

"किंचाळू नको गं, शेजारची म्हातारी पळत येतीया. तिला वाटंल, मी मेले."

मी ती पिशवी बाजूला टाकली आणि आधी पोटातलं जुनं पाणी बाहेर काढलं. ते नेहमी लिंबाच्या सरबतासारखं असतं, फिकट पिवळं आणि स्वच्छ. भरलेल्या पिशवीमागं छापील कागद धरायचा आणि अक्षरं वाचायची, हा आमचा नियम. मी पतसंस्थेचं कॅलेंडर धरलं. तारखा तर दिसेनातच, पण वरचा गणपतीसुद्धा दिसेना. पाणी भाताच्या पेजेसारखं झालं होतं आणि त्यात दही फाटल्यासारखे धागे तरंगत होते.

"आत्या, तुला दुखतंय का?"

"कालपासून कळ मारतीया. गॅस असंल म्हटलं." आणि ती व्हॅनची चावी शोधायला लागली. स्वतः चालवत दवाखान्यात जाणार होती! मी चावी काढून घेतली आणि रुग्णवाहिका बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, पोटाच्या आतल्या पडद्याला जंतुसंसर्ग झालाय, जोरात. मग माझ्याकडं बघून विचारलं, "पिशवी कोण बदलतं?"

"मी."

"हात नीट धुतले होतेस?"

"हो."

"दर वेळी?"

ते 'दर वेळी' त्यांनी असं म्हटलं, की आजूबाजूच्या सगळ्या खाटांवरची माणसं माझ्या हातांकडं बघायला लागली. मी पिशवीच्या चिकटपणाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, औषध सांडलं असेल, साखर असते त्यात. तेवढ्यात पप्पा कारखान्यातून धावत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "पोरी, घाई झाली असंल. राहिलं असंल धुवायचं. होतंय असं."

मायेनं म्हणाले, तेच मला जास्त लागलं. आत्याला ताप चढत होता, आणि तो मी चढवलाय असं सगळ्यांचं ठरलं होतं.

मी घरी न जाता परत आत्याकडं गेले. ती टाकून दिलेली पिशवी चिमट्यानं उचलली, स्टीलच्या डब्यात घातली, डब्याला दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेत घेऊन गेले.

नदाफ मॅडमनी प्रयोगशाळेत डबा उघडला आणि दोन पावलं मागं सरल्या.

"या अल्लाह! मगदूम, वर्गात आणला असतास तर शाळा सुटली असती."

"मॅडम, हे कशानं होतं?"

"खवट तुपात जे आम्ल असतं ते. जंतूंना काहीतरी खायला मिळालंय आणि त्यांनी ते केलंय." त्यांनी काचेच्या कांडीनं पिशवीचं तोंड दाबलं. प्लॅस्टिक शेंबडासारखं कांडीबरोबर वर आलं. "प्रश्न असा, की त्यांना खायला काय मिळालं?"

इथं थोडं शास्त्र सांगते. कंटाळू नका, सोपं आहे. आणि सांगितल्याशिवाय पुढची किळस नीट कळणार नाही.

प्लॅस्टिक म्हणजे बारीक मण्यांच्या लांबच लांब माळा, एकमेकींत गुंतलेल्या. आमच्या आज्यांच्या काळच्या प्लॅस्टिकमध्ये या माळा कशाही लांबीच्या असायच्या. कुणाला फिकीर नव्हती, कारण ते तुटायचंच नव्हतं. शेकडो वर्षं गटारीत पडून राहायचं. मग कायदा आला आणि मुदतीचं प्लॅस्टिक आलं. याची माळ एका टोकापासून उसवत जाते. स्वेटरचा धागा ओढल्यासारखी. एक मणी सुटतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. दिवसाला साधारण अकरा. म्हणजे माळेची लांबी हेच तिचं घड्याळ. दोन हजार मण्यांची माळ सहा महिने टिकणार, सहाशे मण्यांची दोन महिनेसुद्धा नाही. प्रत्येक माळेच्या टोकाला एक टोपण असतं. पिशवीत पाणी भरलं की ते टोपण गळून पडतं आणि उसवणं सुरू होतं. तोपर्यंत घड्याळ बंद.

सगळ्या माळा अगदी सारख्या लांबीच्या असतील तर सगळं प्लॅस्टिक ठरलेल्या दिवसापर्यंत खणखणीत राहतं आणि मग आठवड्याभरात मातीत जिरतं. म्हणून तर डाव्या हातानं कचरा टाकावा तितक्या सहज आपण आता दुधाची पिशवी कुंडीत पुरतो. पण त्यात आखूड माळा मिसळल्या तर? त्या आधी उसवणार. सुटलेले मणी म्हणजे चिकट राळ. तीच जंतूंची मेजवानी.

आणि एवढ्या अचूक माळा बनवायच्या कशा? तर एका बंद भांड्यात सगळ्या माळा एकाच क्षणी सुरू करायच्या, सारख्या वेगानं वाढू द्यायच्या आणि एकाच क्षणी सगळ्यांना टोपण घालायचं. वाढणाऱ्या माळेचं टोक जिवंत असतं, असं शास्त्रात म्हणतात. मला हे फार आवडलं होतं. त्या जिवंत टोकाला पाण्याचा एक रेणू भेटला की ते मरतं. एक रेणू, एक माळ. ती तिथंच थांबते, आखूड आणि बिनटोपणाची, आणि त्याच दिवसापासून उसवायला लागते. म्हणून भांड्यात हवासुद्धा वाळवलेली भरतात.

हे सगळं मी प्रदर्शनात पाठ म्हणून दाखवलं होतं. न अडखळता. टाळ्या पडल्या होत्या.

मॅडमनी आणि मी पिशवीचा तुकडा द्रावकात विरघळवला आणि एका बारीक काचेच्या नळीतून सोडला. नळी रिकामी व्हायला लागणारा वेळ मोजायचा. माळा लांब असतील तर द्रव जाड, वेळ जास्त. प्रदर्शनासाठी ठेवलेला चांगल्या प्लॅस्टिकचा तुकडा माझ्याकडं होताच. त्याला लागले चौऱ्याण्णव सेकंद. आत्याच्या पिशवीला एकाहत्तर. मी पाच वेळा मोजलं. एकाहत्तर, एकाहत्तर, बहात्तर, एकाहत्तर, एकाहत्तर.

"म्हणजे माझे हात नव्हते!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की बाहेर खो-खोचा सराव थांबला.

"नव्हते," मॅडम म्हणाल्या. "पाणी शिरलंय. पिशवी भरताना नाही, बनताना. आता कारखान्यात कुठून शिरलं ते त्यांना शोधू दे. कुठला कारखाना?"

मी पिशवीवरचं लेबल वाचलं. प्लॅस्टिक कालमित पॉलिमर्सचं, चौदा नोव्हेंबरचा लॉट. आधीच्या दिवसांत वापरलेल्या पिशव्याही त्याच खोक्यातल्या होत्या.

कालमित पॉलिमर्स म्हणजे पप्पांचा कारखाना. आणि चौदा नोव्हेंबरला मी तिथं होते. मोबाइल घेऊन.

पप्पा मुळात गुळव्या. उसाचा रस कढत असताना काहील चुलीवरून नेमकी कधी उतरवायची हे जो सांगतो, तो गुळव्या. जरा लवकर उतरली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. पप्पांनी कधी थर्मामीटर वापरला नाही. बोटं तांब्यात बुडवायची, उकळत्या पाकाचा चिमटा घ्यायचा, अंगठा आणि तर्जनी लांब करून तार बघायची. बोटं ओली असली की पाक चिकटत नाही आणि भाजतही नाही. पंचक्रोशीत त्यांच्या हाताला मान होता. मग गुऱ्हाळं एकेक बंद पडली आणि माळावर कालमित आलं. तिथल्या भांड्याला सगळे कामगार काहीलच म्हणतात, कारण निम्मे गुऱ्हाळातूनच आलेत. आणि पप्पा तिथंही तार काढायला लागले.

हेरवाडकर साहेब, म्हणजे तिथले मॅनेजर, यांना त्याचं केवढं कौतुक! पाहुणे आले की पप्पांना बोलवायचे. "आमच्याकडं सेन्सर आहे, आणि सेन्सरवर लक्ष ठेवायला दौलतराव आहेत!" पाहुणे हसायचे. पप्पा झाकण उघडायचे, कांडी बुडवायचे, तिच्यावरचा रस चिमटीत धरून तार ताणायचे. झाकण उघडलं की भोंगा वाजतो, म्हणून आधी 'देखभाल' लिहिलेलं बटण दाबून ठेवायची पद्धत पडली होती. सगळ्या पाळ्यांत. माझ्या प्रकल्पाचं नावच होतं 'काहिलीपासून पॉलिमरपर्यंत: तारेचं शास्त्र'.

मी मॅडमसमोर व्हिडिओ लावला.

पप्पा कॅमेऱ्याकडं बघून हसतात. बाजूच्या टेबलावर पितळी तांब्या. ते बोटं तांब्यात बुडवतात. झटकत नाहीत. कांडी वर घेतात, काहिलीच्या तोंडावरच चिमटा घेतात, तार काढतात. बोटांवरून दोन थेंब टपकतात. दिवा त्यांच्यावर पडून छान चमकतात. आणि मग माझा आवाज येतो, लाडिक, आगाऊ. "पप्पा, अजून एकदा! फोकस गेला. नीट लांब काढा ना."

पप्पा पुन्हा बोटं बुडवतात.

मॅडमनी व्हिडिओ थांबवला. त्यांनी पेन घेतलं, एका थेंबात पाण्याचे किती रेणू असतात ते लिहिलं, दवाखान्याच्या मालाची ती लहान काहील किती लिटरची ते मला विचारलं, त्यात माळा किती ते लिहिलं. बाजारी पिशव्यांची मोठी काहील असती तर चार थेंब तिच्यात कुठल्या कुठे खपले असते. म्हणूनच इतकी वर्षं काही कळलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी आलेल्या या घागरीएवढ्या भांड्यात शंभरातल्या दहा-बारा माळा मेल्या होत्या.

"एक रेणू, एक माळ," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुझंच वाक्य."

मला स्वतःच्या आवाजाची किळस आली. त्या 'नीट लांब काढा ना'ची. सगळं तोंडपाठ होतं मला, आणि समोर पाणी पडताना मी फोकस बघत होते.

संध्याकाळी पप्पा जेवायला बसले. आई एसटीत कंडक्टर आहे, ती ड्युटीवर होती. मी ताट वाढलं आणि समोर बसले.

"पप्पा, तार काढताना बोटं ओली का करता?"

"भाजंल की मग." ते हसले. "एवढी विज्ञानवाली तू!"

"आत पाणी पडतं."

"दोन थेंब. अगं काहील तापलेली असतीया, उडून जातंय ते."

"उडत नाही. माळा मारतं. आम्ही मोजलंय. आत्याची पिशवी त्याच लॉटची आहे."

भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला. मला वाटलं, आता कळलं यांना. पण कळल्यावर माणूस काय करेल ते सांगता येत नाही. त्यांचा चेहरा तांबडा झाला.

"वीस वर्षं! वीस वर्षं या हातानं एक काहील बिघडली न्हाई. तुमच्या मीटरनं दोनदा बिघडवल्यात, त्या मीच सावरल्यात!"

"तो गूळ होता, पप्पा."

"अन् तुला काय वाटलं, मी चेष्टेवारी बघतो? चौदा तारखेचा माल पिशव्यांना जाणार, त्यातल्या आक्काला मिळणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून तू यायच्या आधी एकदा तार काढली होती मी. नुसत्या मीटरवर सोडून द्यायला आक्का काय परकी हाय मला?"

हे ऐकून मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. आली ती ओकारी. बहिणीवरच्या मायेनं त्यांनी तीन वेळा पाणी टाकलं होतं, आणि वर दवाखान्यात...

"आणि मला म्हणालात, हात धुवायचे राहिले असतील."

ते ताट सरकवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी कारखान्यात सगळं सांगितलं, आणि दुपारी हेरवाडकर साहेब घरी आले. बर्फीचा पुडा घेऊन. आत्या दवाखान्यात सलाइनवर, आणि हा माणूस केशरी बर्फी घेऊन! सोफ्यावर बसले, आमच्या पंख्याचं कौतुक केलं, मग म्हणाले, "दौलतराव, काळजी करू नका. ट्रकमध्ये माल तापला, असं लिहितोय आपण. तीन लॉट परत घेऊ. विषय संपला."

"तीनच का?" मी विचारलं.

"मोठ्यांचं बोलणं चाललंय, बाळ."

"प्रदर्शनात मी याहून जास्त बोलले होते. तेव्हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या तुम्ही."

साहेब हसले. गोड, तुपकट. "तुझ्याकडं तो व्हिडिओ आहे ना? काढून टाक तो. वडिलांचा चेहरा दिसतो त्यात. उद्या कुणी वाईट माणसानं बघितला तर? मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

मी पप्पांकडं बघितलं. बघतच राहिले. हा माणूस गुऱ्हाळाच्या मालकाला सगळ्यांसमोर 'ही ढेप बाजारात न्यायची न्हाई' असं सुनावणारा होता. ते खाली बघत होते. मग साहेबांनी पुडा पुढं केला, आणि पप्पांनी बर्फीचा तुकडा घेतला. घेऊन तोंडात टाकला. चावला.

पिशवीच्या त्या शेंबडानं मला एवढी किळस आली नव्हती.

मी सायकल काढली आणि दवाखान्यात गेले. आत्याचा ताप उतरला होता, पण पोटातली नळी काढून टाकावी लागली होती. आता आठवड्यातून तीन दिवस मशीन. व्हॅन कुणीतरी दुसरं चालवणार. डॉक्टर आता माझ्याशी नीट बोलत होते, कारण तालुक्यातून असेच आणखी तीन पेशंट आले होते आणि त्यांच्या पिशव्या मी बदलत नव्हते.

मी आत्याला सगळं सांगितलं. तांब्यासकट. 'अजून एकदा'सकट.

आत्या छताकडं बघत म्हणाली, "म्हंजे दौलत्याच्या हाताची चव शेवटी माझ्या पोटाला कळली म्हणायची."

"आत्या!"

"काय आत्या? लहानपणी त्याच्या गुळाच्या खड्यासाठी भांडायचो आम्ही." तिला हसताना दुखत होतं, तरी ती हसली. मग थांबली. "चार झालो आम्ही. आणखी किती असतील?"

"माहीत नाही. साहेब तीन लॉट म्हणतात, पण ते उगाच. पप्पा कधी कधी उघडतात, कुणी लिहूनच ठेवत नाही."

"अन् तो व्हिडिओ?"

"आहे."

"मग हितं बसून काय करायलीस? माझे पाय चेपतीस?"

मी तिच्या खाटेवरच बसून तो औषध निरीक्षकांच्या तक्रार क्रमांकावर पाठवला. मोजलेले सेकंदही पाठवले, पाचच्या पाच. पाठवल्यावर भूक लागली. खरंच! आत्याच्या वाटणीची पेज मी संपवली.

सोमवारी निरीक्षक कानडे मॅडम कारखान्यात आल्या. व्हिडिओ माझा, म्हणून मला आणि सोबत नदाफ मॅडमना बोलावलं होतं. लांब टेबलाच्या एका बाजूला हेरवाडकर साहेब आणि पप्पा. पप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. पाच दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते.

कानडे मॅडमनी मशीनची नोंद पुढं ठेवली. "चार महिन्यांत लहान भांड्याचं 'देखभाल' बटण त्रेसष्ट वेळा दाबलंय. खरी दुरुस्ती किती वेळा आणि तार काढायला किती वेळा, ते यात नाही. मगदूम, तुम्हीच सांगा. तार कुठल्या कुठल्या लॉटची काढलीत?"

"अंदाजे..." पप्पा म्हणाले.

मी डोळे मिटले. अंदाजे. या एका शब्दावर आमचं घर चाललं, त्यानंच आत्याचं पोट सडवलं, आणि अजून तोच.

"तीन," साहेबांनी मदत केली. "आमचं बोलणं झालंय त्यांच्याशी. तीनच."

पप्पांनी उजव्या हाताची बोटं टेबलावर पसरली आणि एखादं जुनं अवजार बघावं तशी बघितली.

"तीन हाही अंदाजच हाय साहेब," ते म्हणाले. "मला आठवत न्हाई. आठवायला पाहिजे होतं, पण न्हाई आठवत. गुळाची ढेप बिघडली तर फोडून बघता येती, म्हशीला घालता येती. हे माणसांच्या पोटात गेल्यावर फोडून बघायचं व्हय?" ते कानडे मॅडमकडं वळले. "लहान काहिलीच्या ज्या ज्या कागदावर माझी सही हाय, तेवढा सगळा माल परत बोलवा. एकेचाळीस लॉट हाईत. हा आकडा मात्र पक्का हाय, काल बसून मोजलाय."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "दौलतराव, शुद्धीत आहात का? कारखाना बसेल! खटला तुमच्यावर होईल, माझ्यावर नाही. बटण कुणी दाबलं ते विचारतील."

"मी दाबलं. अन् पाहुण्यांसमोर दाबायला कुणी सांगितलं, तेबी विचारतील. मी सांगंन."

कानडे मॅडम लिहीत होत्या. पप्पा म्हणाले, "अजून एक लिवा मॅडम. दवाखान्यातल्या कागदावर काय लिवलंय मला ठाऊक न्हाई. पण पोरीनं हात धुतले होते."

नदाफ मॅडमनी टेबलाखाली माझ्या मांडीला इतक्या जोरात चिमटा काढला, की मी ओरडलेच.

एकेचाळीस लॉट म्हणजे चोवीस हजारांवर पिशव्या. त्या दिवशी दुपारपासून सात जिल्ह्यांतल्या घरांत फोन जायला लागले. पुढच्या पंधरवड्यात त्यांतल्या सहाशेच्या वर पिशव्या तोंडाशी बुळबुळीत निघाल्या. पाच जण आधीच आजारी होते. त्यांतला एक वाचला नाही. तो साताऱ्याकडचा होता, माझ्या पप्पांएवढाच. हे मी लिहायचं टाळणार होते, पण मग मीही 'अंदाजे' लिहिल्यासारखं झालं असतं.

त्या सोमवारी निघताना गेटवर पप्पांचं ओळखपत्र काढून घेतलं. सुरक्षारक्षकानं ते दोन्ही हातांनी घेतलं, कारण तो आमच्याच गल्लीतला. पप्पांनी स्कूटर काढली. नदाफ मॅडम म्हणाल्या, "मगदूम, माझ्यासोबत येतेस का?" मला खरं तर जायचं होतं. बर्फीचा तो तुकडा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पप्पांनी आज खरं सांगितलं म्हणून तो हलला असंही नाही. किळस अशी बटण दाबून बंद होत नाही.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "आत्याचं आज पहिलं मशीन आहे. आम्हाला दोघांनाही जायचंय."

मी पप्पांच्या मागं बसले. माळावरचा रस्ता खड्ड्यांचा, स्कूटरला मागं धरायला काही नाही. हात मांडीवर ठेवून बघितले, पहिल्याच खड्ड्यात उडाले. मग त्यांच्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरली.

बऱ्याच वेळानं त्यांनी मान न वळवता विचारलं, "धरलंयस न्हवं?"

"धरलंय. रस्त्याकडं बघा."